नाव न घेता

५ फेब्रुवारी, गुरुवार
मंत्री आज पौडला आले होते. रस्त्याचं भूमिपूजन. आमची टेकडी फोडून जी टाऊनशिप होणार, तिच्याच रस्त्याचं! मी शाळेत शिकवत होते, भाषण नंतर मोबाइलवर ऐकलं. "मुळशीत दोन-तीन टाळकी आहेत. बाहेरच्या पैशावर विकास अडवतात. ओळखून ठेवा. जनताच त्यांना धडा शिकवेल." टाळ्या, शिट्ट्या!

आमच्या रिहे गावात टेकडीसाठी बोलणारे आम्ही तिघंच — सोपानकाका, शुभांगी आणि मी. नाव घ्यायची गरजच काय?

शुभांगी हसली. "लई मोठं केलं की आपल्याला!"

८ फेब्रुवारी, रविवार
गावाच्या ग्रुपवर माझा फोटो. ग्रामसभेत हात वर केलेला. खाली — हीच ती. मागच्या रांगेतून काढलाय. त्या रांगेत सगळी ओळखीचीच माणसं होती.

१० फेब्रुवारी
जीपवाला थांबला नाही. जागा होती.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
मुख्याध्यापक म्हणाले, "गौतमी मॅडम, थोडे दिवस रजा टाका. वातावरण निवळू द्या."

तिथून चौकीत गेले, अर्ज दिला. हवालदारानं भाषण पूर्ण ऐकलं, चहा पीत. "ह्यात तुमचं नाव कुटं घेतलंय?"

अर्ज परत माझ्याच पिशवीत.

१५ फेब्रुवारी, रविवार
सोपानकाकांची पेंढ्याची गंजी जळाली. भर दुपारी! काका राखेकडे बघत बसले होते. "आख्खं गाव बघत व्हतं, गौतमी. बादली घेऊन कुणी आलं न्हाई. मी टेकडीच्या निवेदनावरची सही काढून घेतो, बाय. म्हशींनी काय खायाचं?"

घरी अभय म्हणाला, "तुझं बरोबर आहे. पण बरोबर असून करायचंय काय?" लग्नाला सोळा वर्षं झाली. त्याला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी
टाऊनशिपची जनसुनावणी सव्वीसला. शुभांगी म्हणते, तोवर घरोघर जाऊन हरकती लिहून घेऊ. "मी गाडी चालवते, तू मागं बस. बायांना तुझ्यासारखं लिवता येत न्हाई."

२१ फेब्रुवारी, शनिवार
शुभांगीला मारलं.

वरच्या वाडीत गोजराबाईंच्या घरात मी हरकत लिहीत होते. शुभांगी बाहेर गाडीपाशी थांबलेली, उन्हासाठी तोंडाला ओढणी. दोन मोटरसायकली आल्या. आधी काहीतरी बोलणं ऐकू आलं, मग किंकाळी. मी धावले तोवर नुसती धूळ. ती जमिनीवर. जबडा मोडलाय, उजवा हातही.

दवाखान्यात अभय म्हणाला, "तू आहेस समजून मारलं तिला." उंची सारखीच आमची. चुकून. देवा, चुकून!

२३ फेब्रुवारी
मंत्री टीव्हीवर — "घटना दुर्दैवी आहे. पण लोकांच्या भावनाही समजून घ्या."

शुभांगीच्या नवऱ्यानं, दिग्विजयनं, मला दवाखान्याच्या दारातच अडवलं. "तुझ्या वाटणीचं तिनं खाल्लं. आता तरी गप बस."

मी हो म्हणून मान हलवली. मीच हलवली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
सुनावणी झाली. मी गेले नाही. अकरा मिनिटांत उरकली म्हणे. एकही हरकत आली नाही, असं नोंदवलं. लिहून घेतलेल्या हरकती माझ्याच कपाटात आहेत.

२८ फेब्रुवारी, शनिवार
आज दिग्विजयनं आत सोडलं. जबड्याला तारा आहेत, बोलता येत नाही तिला. मी रडत म्हटलं, "माझ्यामुळं चुकून तुला..." तिनं नाही म्हणून मान हलवली, खुणेनं कागद मागितला. डाव्या हातानं, वाकडंतिकडं लिहिलं —

चुकून न्हाई. त्यांनी विचारलं, गौतमी कोण. तू आत व्हतीस. मी म्हणले, मीच.