शेवटची ओळ सनाची

भवानी पेठ, सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. अब्बांना,
सून अनिसाचा सलाम वि. वि.

तुम्ही जमीलाआपांकडे मंगळवेढ्याला गेलात त्याला महिना होत आला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. लेकीच्या हातची भाकरी मिळाल्यावर सून कशाला आठवेल म्हणा!

सनाचं सांगते. शनिवारी तिच्या दाक्षायणीबाईंनी आम्हा नवरा-बायकोला शाळेत बोलावलं. तपासणीत कळलं, तिला डिस्लेक्सिया आहे. पोर आळशी नाही, मठ्ठ तर मुळीच नाही. सना म्हणते, सिद्धेश्वर तलावात देवळाची सावली हलते तशी अक्षरं हलतात. आता बाई तिला पेपर वाचून दाखवणार, वेळ जास्त देणार, उत्तरं तोंडी घेणार. घरी आपण रोज मोठ्यानं वाचायचं, ती सांगेल ते लिहून घ्यायचं.

मी धीर करून विचारलंच, उजवीकडून उर्दू नि डावीकडून मराठी, त्यानं घोटाळा झाला का? बाई म्हणाल्या, दोन लिप्यांनी हे होत नाही. आवेज मान खाली घालून बसले. तुमच्या उर्दूनं पोरीचं डोकं उलटं फिरलं, असं तेच तुम्हाला बोलले होते ना.

सना रोज संध्याकाळी तुमच्या खाटेवर पाय हलवत बसते. गोष्ट सांग म्हटलं तर नाही म्हणते. तुमचा लोभ आहेच, तो इकडं आणून ठेवावा.

तुमची,
अनिसा

मंगळवेढा
२२ नोव्हेंबर २०२४

चि. अनिसास,
अनेक उ. आ.

भाकरी गोड आहे, पण जमीला तुझ्यासारखे टोमणे मारत नाही, त्यामुळं घास उतरत नाही.

मी रुसून आलो नाही, बेटा. भिऊन आलो. माझ्या शिकवण्यानं पोरीचं वाईट झालं असेल तर? इथं दुपारी रानाच्या कडेला बसलं की डोळा लागतो. ज्वारीला अजून कणसं धरलेली नाहीत, पण स्वप्नात धरतात. सना त्यातून चालत येते, कणसांवरून हात फिरवत काहीतरी वाचते आणि मला सगळं स्पष्ट ऐकू येतं. जाग आली की नुसता वारा.

बाई भल्या दिसतात. पण बोलला होता आवेज. परत येण्याचा शब्दही त्याचाच यायला हवा. पोरीच्या डोक्यावरून हात फिरव.

मैनुद्दीन

भवानी पेठ, सोलापूर
२७ नोव्हेंबर २०२४

प्यारे दादाअब्बा,
सनाचा सलाम.

मी बोलतेय आणि अब्बा लिहितायत. मी सांगेन तसंच लिहायचं, मधे आपलं काही घालायचं नाही, असं बाईंनी त्यांना बजावलंय. दिवसभर रिक्षा चालवून त्यांचं अक्षरही उड्या मारतं.

तुमच्या स्वप्नात मी काय वाचत होते ते मला माहीत आहे. तुम्ही अर्धी सोडून गेलात ती उंटाची गोष्ट. उंट अजून विहिरीपाशीच उभा आहे. मी त्याला एकटी पुढं नेणार नाही. त्याला तहान लागली असेल.

सात डिसेंबरला शाळेत घरच्या माणसांनी गोष्ट वाचायची आहे. मी तुमचं नाव दिलंय. उर्दूतून वाचून मराठीत सांगितली तरी बाईंना चालेल.

इथं अब्बा थांबलेत. नाक ओढतायत. त्यांना खूप काही लिहायचंय, पण पत्र माझं आहे. म्हणून मी त्यांना एकच ओळ दिली. ती ही: अब्बा, चुकलं माझं, खाट तुमची आणि घरही तुमचंच. आवेज.

माझ्यावरचा लोभ उंटाएवढा राहू द्या. शेवटची ओळ मी माझ्या हातानं लिहितेय. उशीर लागला तरी चालतो, आता मला वेळ मिळतो.

या.
सना