निळ्या छत्रीखालची पा नोई

फेल्डहोवन, नेदरलँड्स, २२ फेब्रुवारी

प्रिय स्वानंदी,

आईचं पत्र, तेही पोस्टाने आणि मराठीत, हे बघून तू आधी घाबरशील, म्हणून सांगते की आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. परवाच थायलंडहून, चिआंग मायहून परत आलो. चौथीपर्यंत पुण्यात शिकलीस, त्यामुळे वाचता येईल तुला. एखादा शब्द अडला तर बाबांना फोन कर, मला नको. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. गेल्या आठ महिन्यांत आपण फोनवर हवामान आणि तब्येतीच्या पुढे गेलोच कुठे?

बाबांची कॉन्फरन्स पाच दिवस होती. सकाळी आठला गळ्यात ओळखपत्र अडकवून ते निघाले, की दिवस माझा. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे, त्यात पाणी, कारंजी, आणि काठावर झाडं. मी रोज त्याच्या एका बाजूने चालायचे. भगवी वस्त्रं नेसलेले भिक्षू अनवाणी येतात आणि बायका गुडघ्यांवर बसून त्यांच्या पात्रात भात घालतात. बाजूलाच मोगऱ्याचे गजरे विकायला असतात. मी सवयीने एक घेतला आणि केसांत माळला. गजरेवाली पोट धरून हसायला लागली, कारण तिथे तो देवापुढे ठेवतात. मग तिनेच पिन शोधून तो नीट लावून दिला. फेब्रुवारीत इथे आपण दोन-दोन स्वेटर घालून सायकल चालवतो, आणि मी तिथे सुती साडीत, केसांत मोगरा माळून हिंडत होते.

तिथे रिक्षा म्हणजे लाल रंगाच्या गाड्या, मागे दोन समोरासमोर बाकं. हात करायचा, जायचं ठिकाण सांगायचं, ड्रायव्हरने मान हलवली की चढायचं. त्यात माझ्या शेजारी एकदा एक आजी मांडीवर कोंबडी घेऊन बसल्या होत्या. कोंबडी माझा पदर टोचत होती आणि आजी तिला रागावत होत्या, अगदी आपण नातवंडाला रागावतो तशा. रविवारी बाबांना घेऊन डोंगरावरच्या देवळात गेले. तीनशेच्या वर पायऱ्या. बाबा मध्येच बसून म्हणाले, "तू देवाला नमस्कार सांग माझा." वर जाऊन खरंच सांगितला.

आणि खाणं! बाजारात एक बाई चक्क आप्पेपात्र घेऊन बसलेली. त्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध घालून ती गोड आप्पे करत होती, वर कांद्याची पात. पात आणि गोड, मला आधी पटेना. मग उभ्या उभ्या आठ खाल्ले. केळ्याची भजी तर कोपऱ्याकोपऱ्यावर. तुला सगळ्याचे फोटो पाठवायचे होते, पण तू नुसता अंगठा पाठवशील, म्हणून राहिले.

आता खरं सांगते. मी तुला म्हणाले होते की बाबांना सोबत म्हणून जातेय. ते खोटं होतं. कॉन्फरन्स चिआंग मायला आहे असं बाबा म्हणाले, त्याच क्षणी मी ठरवलं की जायचं. गेल्या जूनमध्ये तुझा तोन आपल्याकडे जेवायला आला, तेव्हा त्याने मला फोनवर तिथल्या त्याच्या आईच्या खाण्याच्या गाडीचे फोटो दाखवले होते. मोठ्या बाजाराच्या मागे, नदीकडे जाताना, निळी छत्री, पिवळी टेबलं. मी ते नीट बघून ठेवले होते, हे मलाच तेव्हा कळलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ती गाडी सापडली. सगळे तिला पा नोई म्हणत होते. पा म्हणजे आपली मावशी. बुटकी, गोल चेहऱ्याची, एका हाताने रस्सा ढवळत दुसऱ्या हाताने लिंबं कापणारी. मला तिला काय म्हणायचं होतं, कुणास ठाऊक. पर्समध्ये इथून नेलेल्या स्ट्रोपवाफल्स बिस्किटांचा पुडा होता, तो बाहेर काढायचा धीर होईना. मी नुसती बसले. मला मांस चालत नाही हे कसं सांगावं, असा विचार करतेय तोवर तिने वेगळ्या पातेल्यातला, मश्रूमचा वाडगा माझ्यापुढे ठेवला. खाव सोय म्हणतात त्याला. नारळाच्या दुधाचा पिवळा, तिखट रस्सा, आत नूडल्स, वरून त्याच नूडल्स कुरकुरीत तळून घातलेल्या, म्हणजे मिसळीवर फरसाण. बरोबर कांदा, लिंबू, आंबट पाला. स्वानंदी, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाने, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तीन दिवस रोज जाऊन खाल्लं आणि हात जोडून परत आले. चौथ्या दिवशी दोन वाजता गर्दी ओसरली, तशी ती हात पुसून समोर येऊन बसली आणि तिने फोन पुढे धरला. तोनने पाठवलेला तुझ्या पदवीदानाचा फोटो होता, मी हिरव्या पैठणीत. तिने फोटोवर बोट ठेवलं, मग माझ्याकडे दाखवलं, मग एक बोट वर केलं. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं तिने मला. मश्रूम त्यासाठीच. मग ती फोनमध्ये बोलली आणि फोनने मला इंग्रजीत सांगितलं, "तुम्हाला बोलावंसं वाटेल तेव्हा बोलाल, म्हणून मी गप्प बसले."

मी विचारलं, तोनने घरी माझ्याबद्दल काय सांगितलं? ती म्हणाली, "स्वानंदीची आई वांग्याची भाजी फार छान करते." एवढंच. जूनमध्ये त्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर हसत हसत तुला मराठीत काय विचारलं होतं, ते आपल्या दोघींना माहीत आहे. रस्त्यावर खाणं विकणाऱ्या बाईच्या घरी सून म्हणून जाणार का तू? त्याला कळू नये म्हणून हसत बोलले होते. तू पान तसंच टाकून त्याचा हात धरून निघालीस. त्याला शब्द कळले नसतील, पण बाकी सगळं कळलं असणार. आणि त्याने आईला सांगितली वांग्याची भाजी.

मग मी पा नोईला जे सांगितलं, ते तुलाही कधी सांगितलेलं नाही. तुझी आजी, म्हणजे माझी आई, घर सांभाळायची असं तू ऐकलंस. आजी खानावळ चालवायची. आमच्या दोन खोल्यांत कॉलेजची मुलं पंगतीने जेवायची, वर चाळीस डबे बाहेर जायचे. शाळेत मला "डबेवालीची संपदा" म्हणायचे. मी एकाही मैत्रिणीला कधी घरी आणलं नाही. लग्नात सासरच्यांना सांगितलं, आई घरीच असते. आजीने ते ऐकलं. जूनमध्ये तुला जे बोलले, ते खरं तर मी तिच्यावरच बोलले.

फोनने हे सगळं थाईमध्ये कसं सांगितलं असेल देव जाणे, पण पा नोईने ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "चाळीस डबे? एकटीने?" मी हो म्हणाले. तिने मान डोलवली, एका कारागिराने दुसऱ्याच्या कामाला डोलवावी तशी. आजीच्या कामाला अशी दाद मी पहिल्यांदा पाहिली. मग तिने माझ्या कमरेला एप्रन बांधला आणि कांदे चिरायला बसवलं. शेवटच्या दिवशी बाबा आले, तर मी गाडीमागे उभी राहून वाडगे भरत होते. बाबांनी दोन खाल्ले आणि विचारलं, "ही तुमची नवीन मदतनीस बरी आहे का?"

आता हे पत्र का लिहिलं ते. मे महिन्यात तोनच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा आहे, आणि तुमच्याकडे जागा नाही, मास्ट्रिख्टला हॉटेलात एकटं राहावं लागेल म्हणून पा नोई यायला तयार नव्हती. मी तिला आपल्याकडे राहायला बोलावलं आहे. तुम्हा दोघांना न विचारता. बाबांनी तिथेच तिच्या फोनवरून तिकीट काढून दिलं, नऊ मेचं. ती तोनला येत्या रविवारी सांगणार आहे, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं असं वाटलं. हे पत्र तोनला वाचून दाखव. जूनमधलं ते वाक्यही गाळू नकोस, त्याचा अर्थ सांग, आणि मग सांग की आई त्याची माफी मागते आहे. तुझीही. त्यानंतर दोघांना यावंसं वाटलं तर या. नाही वाटलं तर मी रागावणार नाही, पुन्हा लिहीन.

तुझीच,
आई