टाकीचं झाकण

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. पहिली माळ चढवता चढवता बाबांनी जाहीर केलं — यंदा खंडेनवमीला दुकानातल्या पंप तपासायच्या बेंचची पूजा नीरजा करेल. मी निरांजन घेऊन शेजारीच उभी!

आमच्याकडे पूजा ज्याची, दुकान त्याचं. आजोबांनी बाबांना कुंकवाची वाटी दिली, त्या दिवसापासून कात्रजच्या दुकानात बाबांचा शब्द शेवटचा. बारा वर्षं मी तिथे फोन घेतेय. ट्रकवाले गाडीची लक्षणं सांगतात, मी प्रश्न विचारते, निम्म्या वेळा गाडी यायच्या आधी दोष सापडतो. पण डिझेल पंप उघडून बेंचवर तपासायला बाबांनी शिकवलं कुणाला? सुनेला! का, तर "तुझं अजून काही ठरलेलं नाही." म्हणजे लग्न. चौतिसाव्या वर्षी!

नीरजा म्हणजे धाकट्या भावाची बायको. अनिरुद्ध स्वतः दुकानाची पायरी चढत नाही. आणि ही तीन वर्षांत मालकीण. चिडचिड नाही, हेवा वाटतो. इथे तरी खरं लिहावं.

मंगळवार, २३

ती पंप जोडते तेव्हा बाबा चष्मा कपाळावर सरकवून बघत बसतात. माझ्याकडे असं कधी पाहिलंय?

बुधवार, २४

मंचरच्या संपतचा फोन. कांदा घेऊन साताऱ्याकडे जातो, गाडी जुनी. तासभर चांगली पळते, मग दम तोडून बंद. अर्धा तास उभी केली की चालू. धूर नाही, आवाज नाही. मी विचारलं, बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडलंस तर काय होतं?

"फुस्स करतंय ताई. जणू टाकीनं श्वास घेतला."

झाकण नवं का? तर हो. ढाब्यावर डिझेल चोरीला गेलं म्हणून कुलपाचं झाकण बसवलं, आणि कुणी उचकटू नये म्हणून खालून ट्यूबचं रबर घट्ट आवळलं. झालं! टाकीला हवा घ्यायला भोक असतं, तेच बुजवलं. डिझेल उपसलं जातं, जागी हवा येत नाही, आत ओढ बसते आणि इंजिन उपाशी मरतं. उभी राहिली की फटीतून हवा हळूहळू झिरपते, म्हणून पुन्हा चालू. पंपाचा काही संबंध नाही.

हे त्याला सांगायला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, "गाडी घेऊन ये." आणि फोन ठेवला.

गुरुवार, २५

गाडी आली. बाबांनी नीरजाकडे दिली. तिने मला विचारलं, ताई, फोनवर काय म्हणाला? मी म्हटलं, मध्येच बंद पडते म्हणाला. खोटं नाही. तिने पंप उतरवला, फिल्टर बदलले. मी मोठ्या शांतपणे चहा प्यायले.

शुक्रवार, २६

कात्रजच्या बोगद्यापर्यंत फिरवून आणली, उत्तम चालली. चालणारच — टाकीत डिझेल भरायला झाकण नुकतंच उघडलं होतं. बाबा म्हणाले, हात आहे पोरीला. जेवण गेलं नाही मला.

रविवार, २८

खंबाटकीच्या चढावर बंद! मागे वाहनांची रांग, पोलीस, शिव्या. संपत फोनवर जवळजवळ रडत होता. बाबा सगळ्यांसमोर नीरजाला म्हणाले, "हात असून काय उपयोग, डोकं नको?" मला आनंद झाला. चढावर मागून कुणी धडकलं असतं तर, हे त्यानंतर सुचलं. त्यानंतर!

सोमवार, २९

संपत सकाळीच गाडी घेऊन आला. नीरजाने पुन्हा पंप उतरवून समोर घेतला. दुपारपर्यंत ती तशीच बसून. दोनदा माझ्याकडे पाहिलं, विचारलं काही नाही. बाबा म्हणाले, नवा पंप घाला. संपतचा चेहरा उतरला. नीरजा म्हणाली, बाबा, संध्याकाळपर्यंत थांबूया.

मग मला राहवेना. उठले, संपतकडून किल्ली घेतली, टाकीचं झाकण उघडलं. उलटं करून दाखवलं. रबर ब्लेडने कापून बाबांच्या हातात दिलं आणि सगळं समजावून सांगितलं. बाबांचा चष्मा कपाळावर गेला.

"अस्मिता, हे तुला कधी कळलं?"

"आत्ता."

नीरजा बेंचपाशी उभी. हात पुसत होती. रात्री जेवताना बाबा म्हणाले, पूजा अस्मिता करेल. नीरजा भात वाढत होती, तिचा हात जरासुद्धा थांबला नाही. मनाला लावून घेतलं असेल. घेऊ दे.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. बेंचला हळदकुंकू मी वाहिलं. झेंडूची माळ मी घातली. बाबा मागे हात जोडून उभे. मी जिंकले!

गुरुवार, २ ऑक्टोबर

संपत सोनं द्यायला नारायण पेठेत आमच्या घरी आला. गाडी साताऱ्याला दोनदा जाऊन आली म्हणे. मला आपट्याची पानं देता देता सहज म्हणाला, "ताई, तुमी फोनवर झाकणाचं इचारलं व्हतं, ते मी सोमवारी सकाळीच वहिनींच्या कानावर घातलं. त्या म्हणल्या, ताईंना ठावं हाय, त्यांनाच सांगू दे, तोवर तू गप ऱ्हा. नव्या पंपाचं निघालं तवा माझा जीव खालवर, पर त्यांनी डोळ्यानंच दाबलं."

आत नीरजा जेवणाची पानं वाढत होती. मला विचारलं, ताई, श्रीखंड जास्त वाढू का?

पूजा माझी, बेंच माझं. आणि हेवा अजून तिचाच वाटतोय — पूर्वीपेक्षा जास्त.