उल्हासनगरची तपासणी आणि पुतळाबाईंची अंडी

हेंद्रेपाडा, बदलापूर
मार्गशीर्ष, १९९७

चि. सौ. वेणूस ताईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंना नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे? दोन्ही पोरांच्या गालांना माझ्या वतीने एकेक चिमटा. आम्ही इकडे मजेत (असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं).

उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांना रक्त हवं होतं पाळीच्या दुसऱ्या दिवशीचंच. इतकी वर्षं पाळी चुकावी म्हणून वाट पाहणारी मी, या खेपेस ती यावी म्हणून बसले, तर बाईसाहेब आठवडाभर उशिरा आल्या. (त्या आठवड्यात मी लोणच्याची बरणी उगाच हुंगत होते. पुढचं लिहीत नाही.) नेमकी तेव्हा तुझ्या भावोजींचीही पाळी होती, अंबरनाथच्या कारखान्यातली. म्हणून शेजारच्या पुतळाबाई सोबत आल्या.

रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बेटी, अंडे बहुत कम बचे हैं." वय एकोणतीस, पण माझे बीजकोश चाळिशी ओलांडून बसलेत, असं रक्तातल्या हार्मोनवरून कळलं म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाई दोन गावरान अंडी घेऊन दारात. (आईनं पाहिलं असतं तर स्वयंपाकघर धुऊन काढलं असतं.) मी समजावलं, की बाई, ती अंडी वेगळी. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "ठाऊक हाय गं. पण मी दुसरं काय आणू?" मग मी दोन्ही उकडून खाल्ली.

पुढे बीजं वाढावीत म्हणून इंजेक्शनं झाली. दंड सुजले, कंबर सुजली, मी सोडून सगळ्यांना माझा चेहरा भरल्यासारखा वाटला. सोनोग्राफीत एकच बीज दिसलं, तेही वाढेना, तेव्हा बाईंनी औषध थांबवलं. तुझे भावोजी रागावले नाहीत. घरी आले की रेडिओ उघडून दुरुस्त करत बसतात. रेडिओ बिघडलेला नाही.

असो. पोरांना थंडीत जप.

तुझी,
कुंदाताई

ता. क. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसऱ्या बाईचं बीज घेऊन मुंबईत मूल होऊ शकतं, बहिणीचं मिळालं तर फारच बरं. मी म्हटलं, मला बहीण नाही. रिक्षापर्यंत गेले, परत आले आणि म्हटलं, आहे.

आणखी ता. क. नाही म्हणायचं असेल तर पत्राने कळवू नकोस. इथे येऊन सांग. चार दिवस राहा आणि मग सांग.