सोड म्हणायचं राहिलं

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गाड्यांच्या ब्रेकचे काम, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र राहत्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. छातीबद्दल डॉक्टरांचे मत तितकेसे बरे नाही, पण मृत्युपत्राला बुद्धी पुरते असे वकील म्हणाले. मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दबाव या घरात फक्त ब्रेकच्या पेडलवर पडत आला आणि तो देणारा पाय माझा नव्हता. यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात मी सर्व काही मुलाला दिले होते आणि 'पत्नीची सोय त्याने बघावी' अशा एका ओळीत तिला उरकले होते. त्या ओळीची मला लाज वाटते. ते मृत्युपत्र मी रद्द करतो.

कलम १. राहते घर आणि बँकेतली सर्व शिल्लक माझ्या पत्नीला मिळावी. तिने घर ठेवावे, विकावे किंवा पुढच्या खोलीला पिवळा रंग लावावा. पिवळा तिला या घरात आल्यापासून हवा होता आणि मी डोळ्यांवर येतो म्हणून नाही म्हणत राहिलो.

कलम २. घरामागची शेड, जॅक, सगळे पाने आणि धंद्याचे नाव मुलाला मिळावे. त्याचा हात चांगला आहे, माझ्यापेक्षा शांत आहे. ब्रेकचे लायनर झिजून संपत आले असताना 'अजून थोडे चालतील' असे तो गिऱ्हाइकाला सांगत नाही, हे मला फार आवडते. मात्र एक अट आहे आणि ती वाचून त्याने तोंड फुगवू नये. आपल्या आईला त्याने पेडल दाबायला पुन्हा कधीही बोलावू नये.

वकीलसाहेबांना ही अट समजली नाही, म्हणून खुलासा करतो. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल मऊ पडते, पाय नुसता खाली जातो आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाशी बसून एक लहान नट सैल करायचा, की तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. नट परत आवळेपर्यंत आतल्याने पाय उचलायचा नाही, नाहीतर गेलेली हवा परत आत ओढली जाते. म्हणून चाकापासून हाका द्यायच्या. दाब, धर, आणि सगळ्यात शेवटी सोड.

लग्नानंतर लवकरच, मदतनीस मिळेना म्हणून मी हिला सीटवर बसवले. मग मदतनीस शोधायचे राहूनच गेले. हाक मारली की ती हातातले काम टाकून यायची आणि तिच्या हातून, म्हणजे पायातून, कधी चूक झाली नाही. एकट्याने हवा काढता येईल अशी झडपेची बाटली बाजारात येऊन जमाना झाला. दुकानदाराने ती मला घरी आणून दाखवली होती. मी म्हणालो, घरात माणूस आहे की. हे मी हिच्यासमोर म्हणालो आणि ती हसली, म्हणून मला वाटले तिला बरे वाटले. ती बाटली मी आता आणून शेडमधल्या फळीवर ठेवली आहे. मुलाने वापरावी.

हिचा उजवा गुडघा जिना चढताना तिला रडवतो. डॉक्टर म्हणतात, वय झाले. मी मान डोलावतो. डावा गुडघा त्याच वयाचा आहे आणि ठणठणीत आहे.

कलम ३. आमची लहान जुनी गाडी पत्नीला मिळावी. ती काय करणार गाडीचे, असे विचारणारे निघतील, त्यात पहिला माझा मेव्हणा असेल. त्याला माझ्याकडून काहीही मिळू नये, अगदी त्याने तीनदा मागितलेला पाण्याचा पंपसुद्धा. हिने एकदा चारचौघांत गाडी शिकायची म्हटले, तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, तू शिक. दाजींचा धंदा जोरात चालेल." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. म्हणजे वगळायला मलाच हवे, पण स्वतःच्या मृत्युपत्रातून स्वतःला वगळता येत नाही, म्हणून मेव्हण्यावर भागवतो. ही गाडी घेतली तेव्हा तिने पुन्हा विचारले. मी म्हणालो, बघू, एवढी कामे उरकू दे.

मागच्या महिन्यात याच गाडीचे पुढचे ब्रेक पॅड झिजून किंचाळायला लागले आणि मागच्या एका चाकातून तेल गळून लायनर भिजले. मुलगा म्हणाला, बाबा, मी करतो. मी त्याला हात लावू दिला नाही. पॅड बदलले, मागे नवे लायनर आणि ब्रेकचा नवा सिलिंडर बसवला आणि हवा काढायला हिला हाक मारली. ती गुडघ्याला पट्टा बांधून आली. मी 'धर' म्हणालो, नट सोडला, आवळला, आणि छातीत कळ आली. तिला कळू नये म्हणून गुपचूप उठून शेडमागच्या पायरीवर जाऊन बसलो. जरा बरे वाटले आणि तिथेच डोळा लागला.

जागा झालो तेव्हा पायरीवरचे ऊन गेले होते. शेडमध्ये येऊन बघतो तर ही गाडीतच. दोन्ही हातांनी स्टिअरिंग पकडलेले, पाय पेडलवर, ओठ घट्ट मिटलेले.

"अगं, अजून धरून बसलीस?"

"तुम्ही सोड म्हणाला नाहीत."

मी म्हणालो, नट तर केव्हाच आवळला होता.

"मला आतून चाक दिसत नाही हो," ती म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला सोपे गेले असते. मी खाली वाकून दोन्ही हातांनी तिचा पाय उचलून बाजूला ठेवला. 'सोड' मात्र तेव्हाही म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या सीटवर बसून पाहिले. तिथून शेडची भिंत दिसते. आयुष्यभर ती चालकाच्या जागेवर बसली, इतक्या गाड्यांत बसली, आणि त्यातली एकही तिने हातभर पुढे नेली नाही. मी तिला फक्त थांबवायला शिकवले. मला फार अपराधी वाटते, आणि घर, शिल्लक, गाडी सगळे लिहून दिले तरी ते कमी होत नाही.

कलम ४. माझ्या पश्चात, आमच्या गल्लीत ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंनी पत्नीला याच गाडीवर शिकवावे. त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे. त्या म्हणाल्या, या गुडघ्याने ब्रेक जमायचा नाही. मी म्हणालो, ब्रेक हलका करून ठेवला आहे, आणि तेवढे एकच तिला माझ्यापेक्षा चांगले येते. बाकीचे तुम्ही शिकवा. ब्रेकचे तेल आणि लायनर मुलाने वेळच्या वेळी बघावेत.

कलम ५. माझे दिवस उरकल्यावर शेजारच्या टेलरने शेडमध्ये उभे राहून पत्नीला माझ्या वतीने मोठ्याने 'सोड' म्हणावे. त्याचा आवाज चांगला आहे.

इथवर लिहिले आणि मागच्या शेडमधून मुलाची हाक ऐकू आली, "आई, धर." बाटली फळीवरच होती. मी पेन ठेवून उठलो.

परत बसून लिहितो. शेडच्या दारातूनच मी 'सोड' म्हणालो. हिने पाय उचलला नाही. म्हणाली, "अहो, नट उघडा आहे." मी थांबलो. मुलाने नट आवळला आणि हाक द्यायला तोंड उघडले, तेव्हा मी हात वर करून त्याला गप्प केले आणि स्वतः म्हणालो, "सोड."

तिने पाय उचलला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"झालं?" तिने विचारले.

"झालं. आता कायमचं."

सबब कलम ५ रद्द. टेलरने उगीच वाईट वाटून घेऊ नये. कलम ४ मधील 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडून तिथे 'सोमवारपासून' असे वाचावे. मी मागच्या सीटवर बसेन. तिथून मला पेडल दिसत नाही, आणि मी काहीही सांगणार नाही.

वरील मजकूर मी वाचून, खाडाखोडीसह कबूल करून सही केली.

मृत्युपत्र करणार : (सही)

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली :
१. शेजारचे टेलर (सही)
२. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई (सही)

ठिकाण : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : ९ नोव्हेंबर, शनिवार