विरजण लावलेला नमुना

आदरणीय सीमाआत्या,
सप्रेम जय भीम.

('आदरणीय' ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी मी शाळेत हजर होतो, म्हणून तेवढं बरोबर आलंय. पुढचं सांभाळून घे.) तुझी तब्येत, तुझा गुडघा आणि परळच्या गुरांच्या कॉलेजातली तुझी लॅब, तिन्ही बरी असतील. आजी अजून चाळीत सांगते ना, 'आमची सीमा जनावरांची डॉक्टर, पण जनावर कमी आणि नळ्याच जास्त बघते'? मी इकडे ओमानात एकदम ठणठणीत. (संध्याकाळी जरा अंग तापतं. पण इथे तापत नाही असं आहे काय? फाटकसुद्धा तापतं.) फोन न करता चिठ्ठी लिहितोय, कारण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला खोटं पकडतेस. लालबागचा शिवा सुट्टीवर येतोय, त्याच्या हाती देतो.

तर शेळ्यांचं. आमच्या खलफानशेठच्या दोनशे शेळ्यांपैकी तीसेक गाभण शेळ्यांनी महिन्याभरात गाभ टाकला. तू फोनवर म्हणालीस, दूध कल्चरला पाठव. आता कल्चर काय हे मला कुणी शिकवायला नको. 'विरजण म्हणजे कल्चरच रे, जंतू वाढवायचे,' हे तूच एकदा आजीच्या ओट्यापाशी उभी राहून सांगितलं होतंस. म्हणून मी दूध नुसतं कोमट केलं (उकळलं तर जंतू मरतील, एवढी अक्कल आहे), विरजण लावलं, डबा माझ्या चादरीत गुंडाळला, आणि सुरीने वड्या पडतील असं दही शहरातल्या लॅबला पाठवलं. तिथला केरळवाला फोनवर ओरडला, "भाई, ये क्या भेजा है?" मी म्हटलं, "कल्चर. आपका काम बचाया." तो म्हणे सँपल खराब आहे. आत्या, मी लावलेल्या दह्याला आजवर कुणी खराब म्हटलेलं नाही. दहा मिनिटं भांडलो त्याच्याशी. मग तुला सांगितलं तर तू आधी पोट धरून हसलीस, आणि मग तुझा तो आवाज लागला, "गाढवा, त्यातलं कुणी खाल्लं का?" मी नाही म्हटलं. (पाठ दुखतेय म्हणून आडवा पडून लिहितोय, अक्षर त्यामुळे असं.)

दुसरा नमुना तू सांगितलास तसाच पाठवला आणि निघाला तुझा तोच ब्रुसेला, गाभ पाडणारा जंतू. शेठ म्हणाला, उरलेल्या शेळ्या बाजारात काढू, मोकळे होऊ. मी आडवा आलो. तो म्हणाला, तू कोण? नववी नापास माणसाला या प्रश्नाचं उत्तर नसतं, म्हणून मी तुला व्हिडिओ कॉल लावला. तू एप्रनमध्येच होतीस. "शेठ, बेचना मत. जिसके घर बकरी जाएगी, उसके घर बुखार जाएगा." त्याने विचारलं, किती वर्षं हे करता? तू म्हणालीस सव्वीस. एकच आजार? "वो नहीं कंटाळा, तो मैं क्यूँ कंटाळूँ?" शब्द त्याला कळला नाही, पण माणूस कळला. त्याने बाजाराची गाडी परत पाठवली.

खरं सांगू, मी आजवर सात नोकऱ्या सोडल्या, आणि तू सुईच्या टोकावर शेकडो मावतील असल्या एका जंतूमागे सव्वीस वर्षं लागलीस. शिवडीच्या गोदामातले उंदीर धरलेस, तबेल्यातल्या म्हशींचं रक्त काढलंस. लॅबमधून तुला स्वतःलाच हा ताप लागला तेव्हा आजी म्हणाली होती, 'लग्नाचा ताप नको म्हणाली, आता शेळीचा घेऊन बसली.' तू स्वतःचं रक्त स्वतःच तपासलंस, रिपोर्टवर नावही तुझं आणि सहीही तुझी. सहा आठवडे गोळ्या घेतल्यास आणि सातव्या आठवड्यात परत लॅबला. मला तेव्हा वाटायचं ही बाई वेडी आहे. आता इथे सगळ्यांना सांगतो, ही माझी आत्या आहे.

सगळ्यांना जय भीम सांग.

तुझा,
धम्मपाल

ता.क. : दही मी खाल्लं. दोन वाट्या, साखर घालून. एवढं छान लागलेलं टाकवेना.

ता.क. दुसरा : दूधही रोज कच्चंच पितो, थेट शेळीखालचं. तू विचारलंस तेव्हा 'उकळून' म्हणालो होतो.

ता.क. तिसरा : आज तापाचा एकविसावा दिवस. येतो, जातो, अंथरूण घामाने भिजवतो. इथला डॉक्टर उन्हाचा म्हणतो आणि मी त्याला तुझ्या जंतूचं नाव सांगायला घाबरतो, कारण मग ते खरं ठरेल. शिवा पोचायला अजून आठ दिवस आहेत, म्हणून या पानांचे फोटो आत्ताच पाठवतोय. आईला कळू देऊ नकोस. वाचलंस की फोन कर, हवं तेवढं ओरड, पण आधी माणसाच्या रक्ताची कुठली तपासणी मागायची ते सांग. घाई नाही.

(घाई आहे.)