निघायच्या आधी पोचलेली फ्रेम

सोमवार, ३ नोव्हेंबर १९९७. सकाळी १० वाजून ७ मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते, पुढे तक्रारीला लागेल. बरोबर या मिनिटाला गीतांजली नावाच्या सव्वीस वर्षांच्या इंजिनिअर मुलीने सगळ्या सेक्शनसमोर मला विचारलं, मॅडम, तुमचं घड्याळ बरोबर आहे ना?

मला. प्रेमला गुप्तेला. एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही लेट मार्क नाही. पंचविसाव्या वर्षी कंपनीने याच कारणासाठी भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं, चेअरमनच्या हस्ते.

मी म्हटलं, मुली, तू बाबागाडीत होतीस तेव्हापासून मी वेळेवर येते आहे. ती म्हणाली, सॉरी मॅडम. आणि हसली. आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या मदर सुपीरियरनी अशा हसण्याला तासभर व्हरांड्यात उभं केलं असतं.

प्रकरण क्रमाने लिहिते. तळोज्याला कंपनीच्या दोन बिल्डिंगा. बी बिल्डिंगमध्ये प्लांट, रस्त्यापलीकडे ए बिल्डिंगमध्ये ऑफिस. प्लांटमध्ये काही बिघडलं की त्याचा इशारा कॉम्प्युटरवरून ऑफिसात यायला हवा. हल्ली तो कधीकधी वीस सेकंद उशिरा येतो. दोन्हीकडे राउटर नावाचा एकेक डबा, मध्ये इथरनेटची केबल. केबलमधून माहिती पुडक्यापुडक्यांनी जाते, पुडक्याला म्हणायचं फ्रेम. फ्रेम कुठल्या दिशेला रेंगाळते ते शोधायचं आहे. जाऊन परत यायला किती लागतं ते एकाच घड्याळावर कळतं. पण नुसतं जायला किती, नुसतं यायला किती, हे काढायचं तर दोन्ही टोकांची घड्याळं अगदी सारखी हवीत. म्हणून रोज सकाळी ए बिल्डिंगच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मी लावायचं, बी बिल्डिंगचं प्लांटमधल्या धर्मराजने. दोन आठवड्यांचं काम. विश्वासू माणूस हवं होतं, म्हणून रिटायर झालेल्या मला बोलावलं.

मी हो म्हटलं ते एका कागदासाठी. माझं घड्याळ अचूक आहे असं कंपनीच्या लेटरहेडवर हवं आहे.

हे गेले त्याला येत्या अठरा तारखेला तीन वर्षं. हॉस्पिटलच्या कागदावर वेळ आहे ४:१३. मी खोलीत शिरले तेव्हा माझ्या मनगटावर ४:१७. म्हणजे कागदाप्रमाणे मी चार मिनिटं उशिरा पोचले. मी. उशिरा. आणि त्याच दिवशी.

कागद खोटा आहे. मी हात हातात घेतला तेव्हा ह्यांची बोटं हलली होती. सिस्टर म्हणाली, गेलेत ते, हा भास असतो आजी. आजी! मला अठ्ठावन्नही लागलं नव्हतं. त्या शब्दावरून तिला झापण्यात बोटांचं बोलायचं राहून गेलं.

तीन वर्षांत हॉस्पिटलला अकरा पत्रं. शेवटी उत्तर आलं, आपलं घड्याळ बरोबर होतं याचा पुरावा पाठवा. पाठवते.

निश्चय: गीतांजलीशी कामापुरतंच बोलणार.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.

कंपनीची बस जुईनगरला आजही सात मिनिटं उशिरा. ड्रायव्हर भगवान अजून तोच. म्हणाला, बाई, सातपन्नास झालेत फक्त. माझ्यात सातसत्तावन्न. वाद घातला नाही. या गावात बँक सात मिनिटं उशिरा उघडते, रेडिओवर बातम्या सात मिनिटं उशिरा लागतात, दूधवालासुद्धा सात मिनिटं उशिरा येतो. ह्यांच्याकडे तक्रार केली की हे पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, देशाला शिस्त नाही, प्रेमला. आमचं एकमत झालेला हा एकच विषय.

पहिले आकडे आले. धर्मराजकडून निघालेली फ्रेम माझ्याकडे यायला सात मिनिटं. तो रस्ता ओलांडून चालत आला असता तरी आधी पोचला असता.

माझ्याकडून निघालेली फ्रेम त्याच्याकडे, निघायच्या आधी सात मिनिटं, पोचते.

गीतांजलीने कागद उलटा धरून पाहिला. मी म्हटलं, माझ्या हातून सुटलेली गोष्ट वेळेआधीच पोचते, त्यात नवल कसलं? तिने कागद सुलटा केला.

एकूण चांगला दिवस. चकली खाल्ली. दिवाळीच्या डब्यातली शेवटची, मऊ पडलेली.

बुधवार, ५ नोव्हेंबर.

पुन्हा तेच आकडे. वजा सात, अधिक सात.

गीतांजलीने विचारलं, घड्याळ कशावरून लावता? सांगितलं, मनगटावरच्या घड्याळावरून. ते कशावरून? घरच्या भिंतीवरच्या घड्याळावरून. आणि ते? सेल बदलला की मनगटावरच्यावरून. दोघं एकमेकांचे साक्षीदार आहेत, आजवर कधी भांडले नाहीत. यावर ती पेन चावायला लागली. धर्मराज म्हणे रोज सकाळी फोनवर वेळ सांगणाऱ्या बाईला विचारून लावतो. मीही तसंच करावं.

मी कुणा अनोळखी बाईला वेळ विचारणार नाही.

घरी आल्यावर मात्र एक विचार सुटेना. निघायच्या आधी पोचते म्हणजे काय? दिवसा म्हणताना छान वाटलं. दिवेलागणीला तितकं छान वाटत नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.

स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणून बी बिल्डिंगमध्ये गेले. गीतांजलीला बजावलं, माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात बरोब्बर तीन वाजले की फ्रेम सोड.

बी बिल्डिंगची ती खोली लांबट, खिडकी नाही. एसी इतका की शालीची आठवण यावी. धर्मराजच्या स्क्रीनवर दोन त्रेपन्न. आणि ओळ उमटली: ए बिल्डिंगमधून तीन वाजता निघाली.

तीन अजून वाजायचे होते.

माझ्या मनगटावर तीन वाजले होते, ती गोष्ट वेगळी. धर्मराजचं घड्याळ आळशी आहे. पण ती ओळ हिरव्या अक्षरांत तिथे उभी होती, जी वेळ अजून आलीच नाही त्या वेळेला निघालेली. पाठीला गार लागलं. मागे कुणी उभं असल्यासारखं. वळून पाहिलं नाही. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, आणि मान आखडली होती.

धर्मराज इथल्याच नावडे गावचा. हे सगळं बांधलं ती जमीन त्याच्या घरची. तो सहज म्हणाला, घाबरू नका मॅडम, या जागेवर आमचं शेत व्हतं. माझी आजी बयाबाई बांधावर उभी राहून जेवायला हाक मारायची. अजून ऐकू येते. पन बरोबर बाराला हाय. मागं नाय, पुढं नाय.

म्हटलं, मेलेल्या बाईलासुद्धा तुझ्यापेक्षा वेळेचं भान आहे. तो हसला. म्हणाला, ती कुनाच्या घड्याळावर चालत नाय ना, मॅडम.

घरी येऊन भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून राहिले. एखादी गोष्ट निघायच्या आधी पोचू शकते, तर एखादा माणूस गेल्यानंतरही थोडा वेळ असू शकेल का? चार मिनिटं? बोटं हलण्यापुरता?

हे मी लिहिलं असं कुणाला सांगणार नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.

गीतांजलीने फळ्यावर गणित मांडलं. जाताना वजा सात मिनिटं. येताना अधिक सात. बेरीज शून्य. एखाद्या वेळी वीस सेकंद, आणि ते येतानाचेच. तेच आपण शोधत होतो मॅडम, बी बिल्डिंगच्या राउटरमध्ये रेंगाळतंय. राहिली सात मिनिटं. ती केबलमध्ये नाहीत. ती घड्याळात आहेत.

मी म्हटलं, अर्थात. धर्मराजच्या.

तिने आपलं घड्याळ पुढे केलं. धर्मराजने आपलं. प्यून कुंदननेही केलं, त्याला कुणी विचारलं नव्हतं. तिघांचं एक, माझं वेगळं.

वेळ बहुमताने ठरत नाही असं सांगून मी डबा खायला गेले. अर्ध्यावरच डब्याला झाकण लावलं. या मुलीचं खरं धरलं तर हॉस्पिटलचं खरं. हॉस्पिटलचं खरं तर मी उशिरा. मग मी धरला तो हात कुणाचा होता?

निश्चय: सोमवारपर्यंत पुरावा उभा करणार.

शनिवार, ८ नोव्हेंबर.

फोनवरच्या वेळवाल्या बाईला अकरा वेळा फोन केला. अकराही वेळा सात मिनिटं मागे. उच्चार स्वच्छ आहेत, हे मान्य करते. नवव्या फोनला मी तिला सरळ विचारलं, बाई, तुम्हाला खात्री आहे? ती म्हणाली, अकरा वाजून बारा मिनिटं वीस सेकंद.

रेकॉर्ड केलेली आहे. उलट बोलत नाही, पण सुधारतही नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर.

काही नाही. घड्याळ फार मोठ्याने वाजतं. पूर्वी वाजत नसे.

सोमवार, १० नोव्हेंबर.

बी बिल्डिंगच्या राउटरमधलं एक कार्ड बदललं, वीस सेकंद गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं काम संपत आलं, म्हणून मी कागद मागितला. गीतांजलीने स्वतः टाईप करून दिला, लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट:

"श्रीमती गुप्ते यांचं घड्याळ पूर्ण आठवडाभर सात मिनिटं पुढे आढळलं. त्यात एका सेकंदाचाही चढउतार झाला नाही. इतकं स्थिर घड्याळ आमच्या पाहण्यात नाही."

म्हणाली, मॅडम, खरंच कौतुक म्हणून लिहिलंय.

मी कागदाची चौकोनी घडी घालून पर्समध्ये टाकली. असं कौतुक शत्रूचंही होऊ नये. उद्या भिंतीवरचं घड्याळ उतरवून बुधवारी ऑफिसात नेणार. बक्षिसाचं घड्याळ आहे, मागे कंपनीचा शिक्का असेल. खोटं पडेल तर कंपनी खोटी पडेल.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. संध्याकाळी ६ वाजून २५ मिनिटं, कुणाच्या घड्याळाने ते आता सांगता येत नाही.

स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं. सेल आधी हेच बदलायचे, हे गेल्यापासून मी खुंटीवरूनच हात घालून बदलत आले. मागची बाजू नऊ वर्षांत पाहिली नव्हती.

मागे पुठ्ठा. पुठ्ठ्यावर पेन्सिल. ह्यांचं अक्षर, बारीक, उजवीकडे कललेलं.

"२२ ऑगस्ट ८८. जुनं घड्याळ ठेवायचो तसंच हेही पाच मिनिटं पुढे लावलं. तरी दोनदा बस थांबवायला लागली."

"५ सप्टेंबर ८८. सात केली. आता पुरेल. भगवानशी बोललो."

"जाने. ९०, सेल. सात."

"मार्च ९२, सेल. सात."

"जून ९४, सेल. सात. तिच्या हातातलं घड्याळही याच्यावरून लावून ठेवलं."

आणि सगळ्यांत खाली, दोनदा गिरवून:

"प्रे.ला सांगू नये. कळलं तर सात वजा करून निघेल."

स्टुलावरून उतरले. बसले. चहा केला तो तसाच राहिला.

एकतीस वर्षं. एकही लेट मार्क नाही. चेअरमनच्या हस्ते घड्याळ. आणि हा माणूस पेपरामागे तोंड लपवून म्हणतो, देशाला शिस्त नाही, प्रेमला.

बुधवार, १२ नोव्हेंबर १९९७.

सकाळी सात मिनिटं वजा केली आणि त्या हिशेबाने निघाले. बस गेली. रिक्षाने ऑफिसात पोचले तोवर रजिस्टर आत गेलं होतं. कुंदन म्हणाला, मॅडम, लाल शाईने सही करा. आयुष्यातला पहिला लेट मार्क. गीतांजली बघत होती. हसली नाही. तिने खुर्ची ओढून दिली.

दुपारी हॉस्पिटलला बारावं पत्र टाकलं. आपला कागद बरोबर आहे, माझी तक्रार मागे घेत आहे, कळावे. एवढंच.

आता तुमच्याविरुद्ध.

अहो, तुम्ही माझ्या माघारी, माझ्याच बक्षिसाच्या घड्याळात, मला न विचारता सात मिनिटं घातलीत. माझा एकतीस वर्षांचा अभिमान हा तुमचा उद्योग निघाला. भगवान ड्रायव्हरला ठाऊक, मला नाही. हा माझा पहिला आक्षेप.

दुसरा. चार सतरातून सात गेले की चार दहा. काल रात्रीपासून कितीदा वजाबाकी केली, दर वेळी चार दहाच येतात. कागदावर चार तेरा. म्हणजे मी तीन मिनिटं आधी पोचले होते. बोटं हलली होती. तुमचीच. आणि मी ती तीन मिनिटं सिस्टरशी आजी शब्दावरून भांडण्यात घालवली, कारण मला वाटलं उशीर झालेलाच आहे. पुठ्ठ्यावर लिहिलंत ते कधीतरी तोंडाने सांगितलं असतंत, तर मी भांडले नसते. तुमच्याशी बोलले असते.

बोटं हलवून काय सांगायचं होतं, याचा लेखी खुलासा मला मंगळवार, १८ नोव्हेंबर रोजी दुपारी चार वाजून वीस मिनिटांच्या आत मिळालाच पाहिजे. सबब चालणार नाही. वेळ तुमच्या घड्याळाची धरली जाईल, कागदावरचे चार तेरा अधिक तुमचे सात. ते परत भिंतीवर लावलं आहे. काट्यांना हात लावलेला नाही.